सूसी टीचरकडे शिकलेलं क्रियापद

सरावलीला मामाच्या घरी राहायला गेले तेव्हा मला पहाटे जाग यायची ती वासाने. नवापूरला आमच्या घरी जाग यायची ती समुद्राच्या गाजेने, नाहीतर आय सुकटीच्या टोपल्या ओसरीवर ओढायची त्या आवाजाने. इथे वारा ज्या कारखान्यावरून आला असेल त्याचा वास घेऊन पत्र्याच्या फटींतून आत शिरायचा. कधी कुजलेल्या अंड्यांचा, कधी जळक्या रबराचा, कधी नुसतीच घशात खवखव. एखाद्या दिवशी मात्र पिकलेल्या केळ्यांसारखा गोडसर वास यायचा आणि त्या दिवशी हंसामामी उठून दार-खिडकी घट्ट लावून घ्यायची. "घाण वास आला तर माणूस नाक तरी दाबतो," ती म्हणायची, "गोड वास कवा छातीत उतरला, समजत पण नाय." मामीने सरावलीला आल्यावर पहिल्या वर्षी चाळीच्या मागे दोरी बांधून बोंबील सुकवले होते. त्यांची चटणी केली तर तिला औषधाची चव लागली म्हणे. तेव्हापासून ती सुकी मासळी नवापूरहूनच मागवायची आणि डब्याचं झाकण फडक्याने बांधून ठेवायची.

मामी सगळ्यालाच भ्यायची असं मला तेव्हा वाटायचं. तिचे वडील ती लहान असताना होडी घेऊन गेले ते परत आले नव्हते, आणि तिने घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की पाण्यावरचा नवरा नको, जमिनीवरचा पाहिजे. दिगूमामा, म्हणजे माझ्या आयचा धाकटा भाऊ, आमच्या घरातला होडी सोडून कारखान्यात गेलेला पहिला माणूस. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात तो ऑपरेटर होता. मामीला वाटलं होतं, चार भिंती आणि डोक्यावर छप्पर आहे, आता कसली भीती? लग्नानंतर पहिल्यांदा मामा कामावरून आला तेव्हा त्याच्या बनियनला पिवळे डाग पडले होते, आणि ते धुतल्यावर तिच्याच बोटांची सालं निघाली. तो दिवस ती पुन्हा पुन्हा सांगायची.

मी तिथे गेले ती दहावीसाठी. बोईसरच्या हायस्कुलात इंग्रजीचे सर उभं करून क्रियापदांची रूपं विचारायचे, आणि माझं नाव पुकारलं गेलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. घरी पाठ असलेलं तिथे काहीच आठवायचं नाही. सरांनी कधी हात उगारला नाही. ते फक्त उत्तराची वाट बघत थांबायचे, आणि ते थांबणंच मला सोसायचं नाही. सहामाहीत इंग्रजीत नापास झाले तेव्हा मामाने चाळीतल्याच सूसी टीचरना विचारलं.

सूसी टीचर आमच्यापासून दोन दारं सोडून राहायच्या. केरळच्या. लग्नाआधी तिकडे शाळेत शिकवायच्या म्हणून सगळी चाळ त्यांना टीचर म्हणायची. त्यांचे यजमान वर्गीस मामाच्याच प्लांटवर, मामाच्याच पाळीला होते. मूलबाळ नव्हतं. टीचरना मराठी येत नव्हतं आणि हिंदी त्या आपल्या पद्धतीने बोलायच्या, बाई-पुरुष सगळ्यांना एकाच मापाने. पण त्यांच्या खोलीत शिरलं की भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कढीपत्त्याचा वास इतका भरून असायचा की बाहेरचा वास दारातच राहायचा. तांदळाचं पीठ आणि खोबरं एका नळीत भरून त्या वाफवायच्या, त्याचा पांढरा दांडा ताटलीत ढकलायच्या आणि म्हणायच्या, "पहले खाएगा, बाद में पढ़ेगा." मामी त्याच्या बदल्यात कोलंबी सोलून द्यायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासन् तास बोलत बसायच्या.

टीचरनी माझं पुस्तक उघडलंच नाही. "एक वर्ब सीखेगा, बराबर सीखेगा. बाद में दूसरा," असं म्हणून त्यांनी ‘गो’ घेतलं. मला हसू आलं. ‘गो’ म्हणजे जाणे, हे पाचवीतल्या पोरांनाही येतं. टीचरनी मग त्या ‘गो’ला एकेक छोटा शब्द जोडायला सुरुवात केली, आणि अर्थ ओल्या मासळीसारखा हातातून निसटायला लागला. ‘गो ऑन’ म्हणजे पुढे जाणं आणि चालू ठेवणंही. ‘गो विदाऊट’ म्हणजे एखादी गोष्ट न मिळता तसंच भागवणं. ‘गो थ्रू’ म्हणजे दारातून पलीकडे जाणं आणि दुःख सोसणंसुद्धा. मी विचारलं, सोसायचं म्हणजे जायचं कुठे? त्या म्हणाल्या, "उधर से निकलना पड़ता है ना."

मग आलं ‘गो बॅड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो मॅड’. इथे ‘गो’चा अर्थ होणं. दूध खराब होणं, माणूस आंधळा होणं, वेडा होणं. मी हुशारी दाखवायला ‘गो हॅपी’ असं वाक्य केलं. टीचर मान हलवत म्हणाल्या, "नहीं, वैसा नहीं बोलता. हॅपी होगा तो दूसरा वर्ब. खराब होगा तो गो." मी पुढे अनेक वर्षं पालघरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि त्यांचं हे म्हणणं थोडेफार अपवाद सोडले तर खरं आहे हे मला तेव्हा पुस्तकांतून कळलं. त्या दिवशी मात्र मला त्या एवढ्याशा क्रियापदाची भीती वाटली.

सगळ्यांत जास्त भांडण झालं ते ‘गो ऑफ’वरून. टीचरनी वाक्य दिलं, ‘द अलार्म वेंट ऑफ.’ मी ताबडतोब सांगितलं, भोंगा बंद पडला. ऑफ म्हणजे बंद, विजेच्या बटणावर लिहिलेलं असतं. टीचर म्हणाल्या, नाही, वाजला. मी म्हटलं, "टीचर, ऑफ है तो बजेगा कैसे?" त्यांना पटकन समजावता येईना. शेवटी त्यांनी हातांनी बंदूक धरल्यासारखं केलं आणि तोंडाने आवाज काढला. तेव्हा मला आपलं ‘सुटणे’ आठवलं. गोळी सुटते, बाण सुटतो, तसा भोंगा सुटतो. पण लाइट ‘गो ऑफ’ झाली तर ती जाते, आणि दूध ‘गो ऑफ’ झालं तर नासतं. वर्गीस दारात बूट काढत होते, ते म्हणाले, "और बॉम्ब गो ऑफ होगा तो फूटेगा. हमारे प्लांट में सब वही है." टीचर त्यांच्याकडे बघून मल्याळीत काहीतरी रागाने बोलल्या. ते हसत आत गेले.

मी सकाळी मोठ्याने घोकायची ते मामीला खपायचं नाही. मामा डबा घेऊन दाराशी आला की ती मला दटावायची, "माणूस कामाला निघतोय नि तू जा जा काय लावलंस? थांब जरा." आमच्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. मामा चेष्टेने म्हणायचा, "हंसा, इंग्लिशमदी पण येतो बोलू काय?" मामी हसायची नाही. तो ‘येतो’ म्हणेपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहायची. मी हे टीचरना सांगितलं तर त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांच्याकडेही तसंच होतं. वर्गीस निघताना म्हणायचे, "पोयिट्टु वराम", म्हणजे जाऊन येतो. त्यानंतर रोज सकाळी मी कान देऊन ऐकायची, आणि दोन दारांपलीकडून ते शब्द ऐकू आले की मलाही बरं वाटायचं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मामा आणि वर्गीस पहिल्या पाळीला गेले होते. मी टीचरच्या खोलीत जमिनीवर बसले होते, मामी दाराशी कोलंबी साफ करत होती. आधी आवाज झाला नाही. आधी मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या किणकिणल्या. मग जमिनीतून एक धक्का आला आणि त्यामागून आवाज, एखादं मोठं दार दूर कुठेतरी आपटावं तसा. मामीच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. मग भोंगा सुरू झाला. पाळीचा भोंगा एका सुरात वाजायचा. हा वर चढत होता, खाली येत होता, पुन्हा चढत होता. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत होतो आणि तो मध्येच, सूर वर चढलेला असतानाच, तुटला. त्या शांततेची भीती मला भोंग्यापेक्षा जास्त वाटली. सगळी चाळ दारात आली होती.

पूर्वेकडच्या आभाळात पिवळट धुराचा लोट उभा राहिला. कुणीतरी ओरडलं, "गॅस हाय, गॅस! फडकी ओली करा!" लोक पोरं काखेला मारून बोईसर स्टेशनच्या दिशेने पळायला लागले. शेजारच्या बाईने मामीचा हात ओढला. मामीने तो सोडवून घेतला. "ते घरी आले नि दाराला कुलूप दिसलं तर?" ती म्हणाली. आयुष्यभर सगळ्याला भ्यालेली ती बाई त्या दिवशी जागची हलली नाही. टीचरही हलल्या नाहीत. मला पळायचं होतं. पण त्या दोघींना सोडून जायची हिंमत होत नव्हती म्हणून मी थांबले. आम्ही ओले पदर नाकाला लावून दार लावून बसलो. डोळे चुरचुरत होते. वारा दुसरीकडे होता म्हणून वाचलो, हे नंतर लोकांनी सांगितलं.

बऱ्याच वेळाने बाहेर स्कूटर थांबली. दार उघडलं तर कारखान्यातला एक तरुण इंजिनीअर. मी त्याला वर्गीसबरोबर एकदा पाहिलं होतं. तमिळ होता, हिंदी त्याला जेमतेम यायचं. त्याचे केस धुळीने पांढरे झाले होते आणि एका पायात बूट नव्हता. तो टीचरशी इंग्रजीत बोलू लागला, भराभर, मध्येच दम लागून. मला तुकडे कळत होते. रिअॅक्टर. वर्गीस खाली होते. दिगंबर, म्हणजे मामा, बाहेर आला होता, सगळे बाहेर आले होते, मग दिगंबरने माणसं मोजली तर एक कमी. ‘ही वेंट बॅक. ही हॅज गॉन इन.’

मामी माझा दंड धरून उभी होती. तिने माझ्या घोकण्यातून तेवढा एक शब्द ऐकलेला होता. तिची बोटं माझ्या दंडात रुतली. "गॉन बोलला ना तो? गॉन म्हणजे गेला ना गं, जयू?"

"मामी, ऐक ना. गॉन इन बोलला. इन. आत गेलाय मामा. वर्गीसना आणायला परत आत गेलाय."

"आत? त्या धुरात?"

मी अर्थ बरोबर सांगितला होता. पण तो बरोबर सांगून तिची भीती कमी झाली नाही, आणि टीचरच्या चेहऱ्याकडे बघायचं तर मला धाडसच होईना. त्या इंजिनीअरला विचारत होत्या, "अँड देन?" पुढे काय? त्याला माहीत नव्हतं. तो फक्त मान हलवत होता आणि एक बूट नसलेला पाय दुसऱ्या पायावर ठेवत होता.

आम्ही तिघी चालत कारखान्याच्या फाटकाशी गेलो. रस्त्यावर माणसांच्या चपला पडल्या होत्या. गटाराच्या कडेला एक कुत्रं तोंड वासून पडलं होतं. फाटकाबाहेर बायकांची गर्दी होती. कुणी हिंदीत, कुणी भोजपुरीत, कुणी आमच्या बोलीत आपापल्या माणसाचं नाव घेत होती. वॉचमन एकच उत्तर देत होता, "अंदर सोडायची परवानगी नाय." एक रुग्णवाहिका आमच्यासमोरून बाहेर पडली. मामी तिच्यामागे काही पावलं धावली, काचेला हात लावायला गेली, पण आतलं काही दिसलं नाही.

मग ऑफिसातले एक साहेब बाहेर आले. कपडे स्वच्छ होते, पण घामाने भिजले होते. त्यांनी टीचरना ओळखलं. ते जवळ आले, चष्मा काढला आणि इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मिस्टर वर्गीस इज गॉन."

 टीचर अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "गॉन व्हेअर?"

साहेब चष्मा पुसत राहिले.

"बोईसर हॉस्पिटल? पालघर? व्हेअर हॅज ही गॉन?"

त्यांना इंग्रजी माझ्या शंभरपट येत होतं. तो शब्द एकटा आला की त्याचा अर्थ काय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्या पुढच्या शब्दासाठी थांबल्या होत्या. साहेब काही बोलेनात तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. "जयू, तुम पूछो. मराठी में पूछो. किधर गया." आणि मी त्यांचं ऐकलं. मी साहेबांना विचारलं, "साहेब, वर्गीस कुठे गेले?" साहेबांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "बाळ, ते गेले."

मराठीतही शब्द तोच निघाला. टीचर माझ्या तोंडाकडे बघत होत्या; हायस्कुलात सर थांबायचे तशा थांबल्या होत्या, आणि माझी जीभ तशीच टाळूला चिकटली होती. ‘गो’ची सगळी रूपं मला येत होती आणि त्यातलं एकही मला त्यांच्यासमोर उच्चारायचं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "टीचर, वो नहीं आएँगे." त्यांनी माझा हात धरला. किंचाळल्या नाहीत. फक्त खाली बसल्या, तिथेच, रस्त्यावर, आणि मामी त्यांच्यामागे बसून त्यांची पाठ आपल्या छातीशी धरून राहिली. स्वतःच्या नवऱ्याचं अजून काही कळलेलं नव्हतं, तरी.

मी शिक्षिका झाल्यावर वर्गात ‘गो’ अनेकदा शिकवलं. बटणाचं उदाहरण देऊन ‘गो ऑफ’वर मुलांना हसवलंसुद्धा. पण तो एकटा ‘गॉन’ मी कधी फळ्यावर लिहिला नाही. परीक्षेत येत नाही म्हणून सांगायची.

मामा त्या रुग्णवाहिकेतच होता. संध्याकाळी पालघरच्या इस्पितळात आम्हाला सापडला. डोळ्यांवर पट्ट्या, नाकाला नळी, आणि छातीतून भांड्यात पाणी खदखदावं तसा आवाज. मामीने त्याच्या पायाला हात लावला तसा तो म्हणाला, "हंसा?" तो आवाज मामाचा नव्हता, घोगरा, फाटका होता. पुढेही तो कधी पहिल्यासारखा झाला नाही.

वर्गीसना मातीत ठेवल्यावर टीचरचे भाऊ त्यांना न्यायला आले. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या इस्पितळात आल्या. मामाच्या डोळ्यांवर अजून पट्ट्या होत्या. टीचर खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या आणि विचारलं, "दिगू भाई, उसने कुछ बोला?"

मामाने तोंड टीचरच्या आवाजाकडे वळवलं. मला वाटलं, तो आता काहीतरी बरं वाटेल असं सांगेल. मामीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने त्याच्या हातावर हात ठेवला. पण मामा खोटं बोलला नाही. "नाय टीचर," तो म्हणाला, "बोला नाय. धुवाँ होता. दिसत पण नव्हता. मी हात फिरवून फिरवून शोधला. मग त्याने माजा शर्ट पकडला. मना वाटला जिंदा हाय. मी खेचत दरवाज्यापर्यंत आणला. शर्ट सोडला नाय त्याने. डॉक्टर लोकांनी शर्ट कापला तवा सुटला."

मी ते हिंदीत सांगितलं. टीचरनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो वो अकेला नहीं था?"

"नाय," मामा म्हणाला. "मी होतो."

टीचरनी वाकून त्याच्या पट्टीवर, कपाळावर ओठ टेकले. आमच्यात असं कुणी करत नाही.  मामीने पदराने टीचरचं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पास होना." मी झाले. काठावर, पण झाले. त्यांचा पत्ता मामीने मागितला नाही आणि मला मागायचं सुचलं नाही.

मामा पुन्हा कामावर जाणार हे कळलं तेव्हा मला वाटलं मामी घर डोक्यावर घेईल. कंपनीने त्याला प्लांटवरून काढून गोदामात दिलं होतं. धुराचं काम आता जमणार नव्हतं, आणि दुसरं कुठलं काम त्याला कुणी देणार नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी तो डबा हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याच्याने पाय बाहेर टाकवेना. पाळीचा भोंगा झाला, नेहमीचा, एका सुरातला. मामा एक पाऊल मागे सरला आणि डबा त्याने छातीशी धरला. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. भ्यालेला मोठा माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते.

मामीने कोलंबीची टोपली उचलली, विळी फडक्यात गुंडाळली आणि चपला घातल्या. "चला," ती म्हणाली.

"तू कुठं?"

"फाटकापर्यंत."

ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली नाही. दुपारी मी बघायला गेले तर समोरच्या रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या सावलीत, ती टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. पदर नाकाला बांधलेला. माशा हाकत एकेक कोलंबी सोलत होती आणि प्रत्येक कोलंबीनंतर मान वर करून फाटकाकडे बघत होती. वॉचमन दोनदा हटकून गेला होता. तिसऱ्यांदा त्याने पाण्याची बाटली आणून दिली. मी तिच्याजवळ बसले. वास येत होता, त्या दिवशी नेमका तो गोडसर. मामीने नाक वर केलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठेल. ती उठली नाही.

पाळी सुटल्यावर मामा बाहेर आला. रस्ता ओलांडताना त्याला दोनदा थांबून खोकावं लागलं. मामीला तिथे बघून तो लाजला, कारण बरोबरचे लोक बघत होते. त्याने टोपली उचलली आणि खाली मान घालून म्हणाला, "उद्या नको बसू. लोक हसतात."

"बरं," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच बसली होती, आणि तिच्या शेजारी, तांदूळ निवडायला घेऊन, चाळीतल्या आणखी दोघी.